कमलाक्षीनं न घातलेलं गाराणं

आमच्या कंपनीत मशीनबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारं एकच माणूस मी पाहिलं. ती कमलाक्षी गडेकर. बाई, त्यात पेडण्याची, त्यात डिग्री नाही. तिला नडायला एवढं पुरेसं होतं. उरलेलं आम्ही पुरं केलं.

आम्ही म्हणतो, कारण त्यातून मला अंग काढून घ्यायचं नाही. मी मंगेश, डिचोलीचा, जयराम शेटच्या केबल कंपनीत हेडक्लार्क. पत्रं टाईप करणं, हजेरी ठेवणं आणि शेटच्या मनात काय आहे ते त्यांच्या तोंडावरून ओळखणं, ही माझी तीन कामं. तिसरं मला सगळ्यांत चांगलं जमतं.

कमलाक्षी सत्त्याऐंशी सालची, गोवा राज्य झालं त्याच वर्षी जन्मलेली. पार्स्याच्या पलीकडे पंचवीसेक घरांची एक वाडी आहे, तिथली. वडील बाबली काजूच्या बागेत राबणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. वाडीच्या वेशीवर राखणदाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाची, जागा आहे. देऊळ नव्हे, एक झाड, खाली दगड आणि पुढं थोडी सारवलेली जमीन. वर्षातून एकदा, आणि कुणाचं काही अडलं तर मध्येच केव्हाही, तिथं गाराणं होतं. गावकर, म्हणजे गावाचा मानकरी, हातात नारळ धरून मोठ्यानं देवाला सांगतो, अमक्याचं काम होऊ दे, तमक्याचं दुखणं जाऊ दे. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ एरवी तोंडातून शब्द न फुटणाऱ्या बाबलीचा आवाज तिथं सगळ्यांच्या वर असायचा, असं कमलाक्षी कौतुकानं सांगायची.

बाहेरच्या वाचकाला इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुस्तकी मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे गाराणं म्हणजे देवाला घातलेली ही हाक. पण त्याला एक वाईट अंगही आहे. कुणाशी वैर असलं की त्याचं वाटोळं व्हावं म्हणून त्याच्या नावानं ‘गाराणें घालतात’. तेवढ्या भीतीनं आमच्याकडे भाऊ भावाची हद्द सरकवत नाही. भल्या माणसाचा आणि वाकड्या माणसाचा शब्द एकच.

डिचोलीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स करून ती दोन हजार सहा साली आमच्याकडे आली. शेटनी तिला तक्रारीच्या फोनवर बसवलं, कारण ‘बायलांचो आवाज गोड’. आवाज काही गोड नव्हता, चांगला खणखणीत होता. फोन आला की आमची आधीची मुलगी ‘माणूस धाडतां’ म्हणून ठेवून द्यायची. ही विचारायला लागली. कधीपासून गेलं? सगळे चॅनेल गेले की एकच? शेजारणीकडे दिसतं का? बघून ये, मी धरते. वायरमन वैतागले. वर्षभरानं तेच वायरमन सकाळी तिच्या टेबलासमोर उभे राहायचे, कारण बिघाड कुठल्या खांबावर आहे ते ती खुर्चीतून सांगायची. कंट्रोल रूममधला माणूस आखातात निघून गेला तेव्हा शेटनी नाइलाजानं तिला तिथं नेलं. पद तेच ठेवलं, टेलिफोन ऑपरेटर. मीच तो कागद केला होता. ‘मागीर बदलूंया’, नंतर बघू, असं शेट म्हणाले आणि मीही मान डोलावली.

दोन हजार अकरात आम्ही फायबर घातलं.

जुन्या केबलचं काम सोपं होतं. शंभर चॅनेल एका वायरीत कोंबायचे आणि सगळ्यांच्या दारात ओतायचे. कोण काय बघतो याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. फायबरवर तसं चालत नाही. तिथं चॅनेल कंट्रोल रूममधून एकदाच निघतो, आणि वाटेत प्रत्येक फाट्यावर एक स्विच बसलेला असतो. तुम्ही घरी चॅनेल लावला की तुमचा बॉक्स वर कळवतो, ‘मला हा पाहिजे’. स्विच ते ऐकतो, अमक्या दारावर अमका चॅनेल हवा असं मनात टिपून ठेवतो आणि तेवढ्याच दारातून तो सोडतो. ज्यानं मागितला नाही त्याच्या दारात काही जात नाही. पाच घरांनी मागितला तर पाच प्रती तिथल्या तिथं फाट्यावर होतात, वरून पाचदा पाठवावं लागत नाही. याला मल्टिकास्ट म्हणतात, आणि कान देऊन कोण काय मागतंय ते ऐकण्याला स्नूपिंग. हे सगळं मला कमलाक्षीनं शिकवलं. ज्यांनी मशीनं विकली त्यांनी फक्त बिल शिकवलं.

तर मशीनं बसली, शेटनी नारळ फोडला, पेढे वाटले. चित्र असं स्वच्छ की बघत राहावं. आणि चार मिनिटांनी ते थिजलं. चॅनेल बदलून परत आणला की पुन्हा चालू, पुन्हा चार मिनिटांनी बंद. लोकांनी आपला उपाय काढला. पेडण्यातल्या सासवा रिमोट हातात धरून बसायच्या आणि दर चार मिनिटांनी चॅनेल हलवून आणायच्या. रोज दोनशे फोन येत होते आणि शिव्या तर मोजायच्याच नाहीत.

मशीनं देणाऱ्या कंपनीचा इंजिनियर पुण्याहून आला. बूट न काढता कंट्रोल रूममध्ये शिरला, दोन तास बोटं आपटली आणि स्नूपिंगच बंद करून टाकलं. चित्र थिजायचं थांबलं. पण ऐकणं बंद झालं की स्विच बहिरा होतो, आणि बहिरा स्विच सगळंच्या सगळं सगळ्यांना देतो. म्हणजे एवढं फायबर घालून आम्ही फिरून जुन्या केबलवर. डिचोली शहरातल्या जाड लाईनींनी ते सोसलं. पेडण्याच्या वाड्यांत शेवटच्या लाईनी बारीक. तिथं पूर आल्यासारखं झालं, चित्राचे चौकोन पडायला लागले, नटीचा डोळा एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. ‘गावातल्या लाईनी खराब आहेत, बदला,’ असं लिहून देऊन इंजिनियर गेला. उंटावरचे शहाणे आमच्याकडे पुण्याहूनच येतात असं नाही, पण तो तिथून आला होता.

कमलाक्षीनं पुस्तक उघडलं. इंग्रजी, चारशे पानांचं. तिचं शिक्षण मराठी शाळेतलं. पार्स्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, अशा दोन बसगाड्यांत ती मांडीवर पुस्तक आणि वर डिक्शनरी घेऊन यायची. कंडक्टर तिला ‘कलेक्टरीण’ म्हणायचा. सोळाव्या की सतराव्या दिवशी सकाळी तिनं मला ऑफिससमोरच्या हॉटेलात ओढून नेलं. उंडो, म्हणजे गोल पाव, आणि पातळ भाजी समोर आली, तिनं हात लावला नाही.

“मंगेश, म्हाका मेळ्ळें,” दोष सापडल्याच्या आनंदात ती म्हणाली. “चार मिनटां आनी वीस सेकंद. हांवें घड्याळ लावन पळयलें. दर फावट तितलेंच.”

“बरें मगो, पुढें?”

“स्विच टिपून दवरता न्ही, कोणाक कितें जाय तें? तें कायमचें न्ही रे. मनीस टीव्ही बंद करून न्हिदलो जाल्यार? म्हणून दर दोन मिनटां पांच सेकंदांनी कोणें तरी सगळ्यांक विचारूंक जाय, ‘अजून जाय मरे?’ बॉक्स म्हणटा, ‘जाय’. दोन फावट जाप आयली ना जाल्यार, वयर धा सेकंद रावून, स्विच ताचें नांव पुसता. आमच्याकडे बॉक्स जाप दिवपाक बसल्यात, स्विच आयकूपाक बसला. विचारपीच कोण ना!” ती टेबलावर हात आपटून हसली. “गाराणें रे तें! गावकार आयलोच ना जाल्यार लोक ‘व्हय म्हाराजा’ खंय म्हणटले? गावकाराक सोडून तुमी देवस्थान बांदलां.”

मी हसलो, पण मला ते अगदी स्वच्छ कळलं. आमचं ‘जाय’ म्हणजे पाहिजे; अजून पाहिजे का असं विचारणारंच कुणी नव्हतं, म्हणून उत्तर नाही, आणि म्हणून स्विच नाव पुसत होता. मला ते त्या दिवशी कळलं होतं, हे वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

विचारण्याचं हे काम नव्या मोठ्या स्विचला एका ओळीत लावून देता येत होतं. पण त्याचा पासवर्ड पुण्याच्या कंपनीकडे. तिनं तीन मेल केले, मीच इंग्रजी नीट करून दिलं. उत्तर आलं, ‘नोंद घेतली आहे’. मग तिनं भंगारात पडलेला एक जुना स्विच उचलला. त्यात ती सोय होती. साफ केला, सेटिंग केलं, रॅकच्या सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवला आणि एका वायरीनं मोठ्या स्विचला जोडला. त्यातून एकाही घराला लाईन जात नव्हती. त्याचं काम एकच, दर दोन मिनिटं पाच सेकंदांनी विचारायचं. मग फोनवर पुण्याच्या इंजिनियरच्या मागे लागून, फक्त एक तासासाठी म्हणून, तिनं स्नूपिंग पुन्हा चालू करायला लावलं. तास गेला, दिवस गेला, आठवडा गेला. पेडण्यातले चौकोन गेले आणि चित्रही थिजलं नाही.

इंजिनियरनं रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘योग्य ट्यूनिंग करून दोष दूर केला’. शेटनी त्याला काजूचा डबा दिला. तो डबा बाबलीच्या बागेतला होता, कमलाक्षीनं शेटला चतुर्थीला आणून दिलेला. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्याला निदान पीठ कुणाचं ते विचारावं, तेही कुणी केलं नाही. कमलाक्षीला त्याचं काही वाटलं नाही, किंवा तिनं दाखवलं नाही. जुन्या स्विचवर तिनं पांढरी चिकटपट्टी लावली आणि मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘गाराणें’. वायरमन लोकांना कळावं, कुणी काढू नये म्हणून. त्यांना ते कळलंही. पाच वर्षं त्याला कुणी बोट लावलं नाही.

मग शेटचा भाचा सिद्धेश इंजिनियर होऊन आला. बंगळूरची डिग्री. दोन हजार सोळात तो टेक्निकल हेड झाला आणि कमलाक्षी परत तक्रारीच्या फोनवर गेली. कागदावर ती टेलिफोन ऑपरेटरच होती, त्यामुळे बदलीचं पत्रसुद्धा लागलं नाही. जाताना तिनं त्याला एक वही दिली. कुठली लाईन कुठं जाते, कुठला दोष कसा ओळखायचा, सगळं मराठीत. त्या जुन्या स्विचवर हात ठेवून माझ्यादेखत सांगितलं, “सिद्धेश, हो मात काडूं नाका हां.” तो मोबाईलमध्ये बघत ‘यॅ, यॅ’ म्हणाला. वही पुढे त्याच्या टेबलावर चहाच्या कपाखाली दिसायची.

दोन हजार सतराच्या मार्चमध्ये विधानसभेची मतमोजणी होती. शेटनी जाहिरात केली होती, मतमोजणीच्या जागेवरून थेट चित्र, फक्त आमच्या केबलवर. सकाळी आठला सुरुवात. पावणेआठला सिद्धेशनं नवा एक बॉक्स रॅकवर आणला आणि त्याला रिकामा पॉइंट सापडेना. खाली वाकला. एक जुनाट डबा, एकच वायर आत, बाहेर काहीच नाही. आठ वाजायच्या मिनिटभर आधी त्यानं त्याचा प्लग उपटला आणि आपला लावला.

आठला चित्र सुरू झालं, शेटनी सगळ्यांना चहा सांगितला. पाचेक मिनिटांत डिचोली आणि पेडणे, दोन्ही तालुक्यांत चित्र थिजलं.

फोन पेटले. पहिल्या तीन फोनांतच कमलाक्षीनं घड्याळाकडे बघितलं आणि उठली. मी समोरच होतो. कंट्रोल रूमच्या दारात सिद्धेश घामाघूम होऊन उभा होता. ती म्हणाली, “कोणें तरी गाराणें काडलां. म्हाका एक मिनीट भितर वचूंक दी.” तो ओरडला, “तू फोन सांभाळ! इथं सगळं माझ्या नव्या बॉक्समुळं झालंय की लाईनमुळं तेच कळत नाही आणि तू देवाचं काय लावलंयस?” ती तीनदा गेली, तीनदा परत पाठवली. सिद्धेशनं नवा बॉक्स काढला, परत लावला, सगळे स्विच एकेक करून बंद-चालू केले. जुन्या स्विचचा प्लग तसाच लोंबत राहिला. शेवटी पावणेअकराला, निकाल बहुतेक लागून गेल्यावर, शेटनीच तिला आत ढकललं. तिनं खाली बसून नव्या बॉक्सचा प्लग काढला, जुन्या स्विचचा लावला आणि उठली. पुढच्या फोनला लोक सांगू लागले, दिसतंय, आता दिसतंय.

इथं कुणीही शहाण्या माणसानं तिला हात जोडले असते. आमच्याकडे निराळंच झालं.

दुपारी हरलेल्या उमेदवाराची माणसं ऑफिसवर आली. जयराम शेटनी मुद्दाम चित्र पाडलं, आत काहीतरी काळंबेरं केलं, असा त्यांचा आरडाओरडा. एका काचेचा चुरा झाला. जिंकलेल्याचाही फोन आला आणि तोही गोड नव्हता. शेटना संध्याकाळपर्यंत कुणीतरी दाखवायला हवं होतं. भाचा दाखवता येत नव्हता. मग सिद्धेशच म्हणाला, “मामा, तीन तास आम्हाला सापडलं नाही, हिला एका मिनिटात कसं सापडलं? हिनंच लावलेलं असणार.”

चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत लिहिली होती. करून बघितली ती त्या आठवड्यात.

पोलिसांत तक्रार गेली, कंपनीच्या यंत्रणेत बाहेरचं उपकरण लपवून बसवलं आणि नुकसान केलं, म्हणून. तिसऱ्या दिवशी शेटच्या केबिनमध्ये चौकशी बसली. शेट, सिद्धेश, वास्कोहून बोलावलेला एक वकील, कमलाक्षी आणि टिपणं घ्यायला मी. राजभाषा कोंकणी, आमच्या शाळा मराठी आणि चौकशी इंग्रजीत. जुना स्विच टेबलावर ठेवला होता. त्याच्या जागी सिद्धेशनं तोवर पुण्याला फोन करून मोठ्या स्विचमध्ये ती एक ओळ लावून घेतली होती. कमलाक्षीनं पाच वर्षांपूर्वी तीन मेल करून मागितलेली ओळ.

वकिलानं चिकटपट्टीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, हे काय लिहिलंय?

“गाराणें,” मी म्हटलं.

“म्हणजे काय?”

आता इथं माझ्याकडे तीन अर्थ होते. मी डिक्शनरीतला दिला. तक्रार आणि मनातला राग, या दोन्हींना इंग्रजीत जो एक शब्द आहे तो मी सांगितला, आणि तो खोटा नव्हता. वकिलानं मान हलवली. बाईला कंट्रोल रूममधून काढलं होतं, तिला राग होता आणि तिनं तो स्वतःच्या हातानं लिहूनही ठेवला होता. त्याला आणखी काही नको होतं.

शेटचं मात्र तोंड उतरलं. ते डिचोलीचे, त्यांना दुसरा अर्थ ऐकू आला. हळूच म्हणाले, “माझ्या धंद्यार गाराणें घालां गो तुवें?”

“शेट, तशें न्ही तें!” कमलाक्षी उठून उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं, विचारणं, उत्तर देणं, चार मिनिटं वीस सेकंद. कोंकणीत सांगितलं, मग मराठीत, मग तुटक्या इंग्रजीत. वकील घड्याळ बघत होता. मग ती म्हणाली, “हांवें लिपोवंक ना. सिद्धेशाक सांगिल्लें. मंगेशाक पयल्या दिसाच्यान खबर आसा. मंगेश, सांग मरे तूं.”

सगळे माझ्याकडे वळले. मॅनेजरची जागा तीन महिने रिकामी होती. आदल्या दिवशी शेटनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं होतं, ‘मंगेश, तूं आमचो मरे?’ कमलाक्षी माझ्याकडे बघत थांबली होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती, मी बोलेन याची तिला खात्रीच होती, आणि तेच मला अजून सोसत नाही.

“म्हाका टेक्निकल कळना,” मी म्हटलं. आणि ते टिपणात लिहूनही घेतलं.

ती खाली बसली.

तक्रार पुढे सरकली असती, तिला ठाण्यात बोलावणंही आलं होतं. पण त्याच आठवड्यात शेटची गाडी साखळीच्या वळणावर गटारात गेली. कुणाला खरचटलंही नाही, तरी शेट हादरले. त्यांना चिकटपट्टीवरचा शब्द दिसायला लागला. मला बोलावून म्हणाले, तिच्या वाडीवर जा. तिनं राखणदारासमोर उभं राहून घातलेलं गाराणं काढावं, सगळ्यांदेखत. मग मी पोलिसांतलं काढतो. नारळ, केळी आणि राखणदाराला लागणारी दारूची बाटली त्यांनी स्वतः पिशवीत भरून दिली.

मी गेलो. वाडीत बातमी आधीच पोचली होती. कमलाक्षीनं मालकावर गाराणं घातलं, आणि तेही राखणदाराच्या नावानं, वाडीला न विचारता. पाणी भरायला आलेल्या बायका तिला बघून कळशी उचलून निघत होत्या. तिचं ठरत आलेलं लग्न त्या सोमवारी मोडलं होतं, मुलाकडच्यांनी कारणही सांगितलं नव्हतं. ओट्यावर बाबली गुडघ्यांत डोकं घालून बसला होता.

मी शेटचं म्हणणं सांगितलं. कमलाक्षी दारात उभी राहून ऐकत होती.

“हांवें घालूंकच ना,” ती म्हणाली, “तें काडूं कशें?”

मी पिशवी ओट्यावर ठेवली.

बाबली उठला. मी त्याला तोपर्यंत बोलताना फारसं ऐकलं नव्हतं. “बाये,” तो म्हणाला, “देवाक खबर आसा तुजें. पोलिसांक खंय आसा? तुका थंय, त्या ठाण्यांत… हांव पळोवंक शकचों ना. एक फावट व्हय म्हण आनी मेकळी जा.”

“तुका तरी पटता, बाबा?”

“म्हाका पटूंक नाका,” तो म्हणाला. “म्हाका तूं घरांत जाय.”

रविवारी सकाळी वाडी जमली. मी शेटच्या वतीनं पुढं उभा. गावकर म्हातारा, दिसायला कमी, पण आवाज शाबूत. त्यानं नारळ धरला आणि सुरू केलं, “बा राखणदारा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान रागाच्या भरांत मालकाच्या धंद्यार गाराणें घालां…”

“व्हय म्हाराजा!”

“…अक्कल ना म्हणून घालां, तें आज तुज्या पांयांकडे परत घेता…”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांच्या वर बाबलीचा आवाज होता. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

“…मालकाचें बरें कर, लेकराक पोटांत घे.”

“व्हय म्हाराजा!” मीसुद्धा म्हणालो. त्या जमावात तो शब्द खोटा आहे हे पक्कं ठाऊक असलेली तिघं होतो, आणि तिघांपैकी दोघं मोठ्यानं होकार देत होतो.

गावकर थांबला. ज्याच्यासाठी गाराणं, त्याचा स्वतःचा होकार लागतो. “चेडवाचो आवाज आयलो ना,” तो म्हणाला, आणि शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं. कमलाक्षी समोर बघत उभी होती.  बापानं तिच्या दंडाला धरलं. तिसऱ्यांदा गावकरानं म्हटलं तेव्हा ती बोलली. फोनवर बोलायची तसा स्वच्छ, खणखणीत आवाज. “व्हय म्हाराजा.”

सोमवारी शेटनी शब्द पाळला. तक्रार मागे घेण्याचं पत्र वकिलानं सांगितलं, मी टाईप केलं. कारण द्यावं लागतं, म्हणून कारण लिहिलं: सदर कर्मचाऱ्यानं गावच्या वडीलधाऱ्यांसमोर व ग्रामदेवतेसमोर आपला गुन्हा कबूल करून माफी मागितली असल्यामुळे कंपनी मोठ्या मनानं तक्रार मागे घेत आहे. साक्षीदार म्हणून खाली माझं नाव. त्याबरोबर तिला कामावरून कमी केल्याचं दुसरं पत्र.

ती बुधवारी दोन्ही कागद न्यायला आली. काउंटरशी उभी राहून तिनं ते वाचले, सावकाश, एकेक ओळ. पहिल्या पत्राच्या मधोमध तिचं बोट थांबलं.

“कबूल केलां,” ती म्हणाली. “आतां हें सगळेकडे येतलें माझ्या फाटल्यान. नोकरेक गेलें जाल्यार पयलें हें वाचतले.”

मी म्हटलं, शेटनी सांगितलं तसं लिहिलंय.

“खबर आसा,” ती म्हणाली. “तूं सांगिल्लेंच बरयता.” सांगितलेलं तेवढंच लिहिणारा मी. कागद घडी करून तिनं पिशवीत ठेवले आणि पायऱ्या उतरली.

पहिल्या तारखेला मी मॅनेजर झालो. मोपावर विमानतळाचं काम निघालं तेव्हा पेडण्यातल्या पोरांना तिथं कामं मिळतायत असं ऐकलं. नेटवर्कची माणसंही लागत होती म्हणे. तिनं अर्ज केला का, त्यांनी तो कागद बघितला का, मला माहीत नाही. आमच्या दारावरून रोज म्हापशाची बस जाते आणि म्हापशाला तिला जोडून पार्स्याची बस मिळते. सात वर्षांत मी एकदाही तिथं जाऊन विचारलेलं नाही.